डाव्या बुटाचा चवडा

१२ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मी नीट पोचलो. पत्राला तीन दिवस उशीर झाला, कारण पहिले दोन दिवस माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घाबरू नका, हाताला काही झालेलं नाही. इथे पायांना शिकवायच्या आधी हातांची हाडं खिळखिळी करतात.

फोन इथे आहे. पण फोनवर मामी रडते आणि तुम्ही मागून ‘जेवतो का विचार’ एवढंच ओरडता. म्हणून मी पत्रच लिहीन. पत्र आधी कच्चं लिहून तपासताही येतं.

आमचा हॉल शाळेच्या दोन वर्गांएवढा आहे. मधोमध कमरेएवढ्या उंचीचे दोन लांब दांडे, समोरासमोर बसवलेले. त्यांच्यामधून धरून चालायचं. टोकाला भिंतभर आरसा. कोपऱ्यात एक लाकडी जिना आहे, चार पायऱ्या वर आणि चार पायऱ्या खाली. वर काहीच नाही. रोज वीस वेळा तिथे जाऊन यायचं. सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास हेच काम. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्यांच्या मागे नाही, तोंडावरच.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हरकाका आहेत. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नवा, बनवलेला आहे. रात्री तो काढून खाटेखाली ठेवताना ते म्हणतात, “गाडी गॅरेजला लावली.” मला पहिल्या दिवशी हसावं की नाही ते कळेना. तेच म्हणाले, “हस की पोरा, माझी गाडी आहे.”

आता मुख्य गोष्ट. इस्पितळातून इकडे निघताना मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, “चालेन का?” ते म्हणाले, “चालशील.” मी विचारलं, “पळेन का?” त्यांनी कागदातून मान वर न काढता म्हटलं, “बघू.” मामा, हा ‘बघू’ मी तीन दिवस उलटसुलट करून पाहतोय. तुम्ही गिऱ्हाइकाला ‘बघू’ म्हणता तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे चौदा वर्षं शेजारी बसून मला माहीत आहे.

मामी म्हणेल, पळायचं काय एवढं, चालला तरी पुरे. पण घर ते दुकान शर्यत नसेल तर सकाळी दुकानात यायचं कसं? चालत? ते मला कळतच नाही.

आणि एक काम आहे. काल खाटेवर पडून मी फितीने बेंबीपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. तीनदा मोजले. डावा चार सूत आखूड भरतो, म्हणजे बरोबर अर्धा इंच. शिट्टीबाईंना सांगितलेलं नाही. सांगितलं तर आणखी कुठल्या तरी डॉक्टरकडे धाडतील आणि तो पुन्हा ‘बघू’ म्हणेल. तुम्ही माझे बूट पाठवाल तेव्हा डाव्याचा तळ चार सूत उंच करा. बाहेरून दिसू नये.

शटरला तेल दिलंत का? महिन्याच्या दहा तारखेला द्यायचं असतं.

तुमचा,
भाचा


२० जानेवारी

चि. फूटपट्टीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मामीने चारदा वाचलं, मी एकदा. तिला त्यात ‘मजेत आहे’ हे शब्द शोधायचे होते, मला माप हवं होतं. माप मिळालं. मजेत आहेस हे तेवढं पुढच्या वेळी लिही, म्हणजे घरात शांतता राहील.

रविवारी दुकान बंद ठेवून बसलो. तुझ्याच पायाचा लाकडी साचा घेतला आणि नवे बूट शिवले. डाव्यात चार सूत चामडं घातलंय, पण एका जागी नाही. थोडं आतल्या तळात, थोडं मध्ये, थोडं टाचेत, आणि बाहेरची कड दोन्हीकडे एका उंचीची दिसेल अशी वळवून घेतली. कुणाच्या बापाला कळायचं नाही. असं काम मी गेल्या दहा वर्षांत केलेलं नाही. मामी म्हणाली, “लग्नातसुद्धा एवढे चांगले बूट घातले नव्हतेत.” म्हटलं, “लग्नातून पळून जायचं नव्हतं.” मग दुपारपर्यंत बोलली नाही.

शर्यत बंद झालेली नाही. मी एकटाच पळतो. घराचं दार ओढलं की सुटायचं, इस्त्रीवाला, औषधांचं दुकान, बेकरी, वळण, आणि शटरच्या कुलपाला हात. इस्त्रीवाला रोज विचारतो, “मागे कुत्रं लागलंय का?” नियम तेच आहेत. हरेल त्याने झाडायचं आणि तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा भरायचा. रोज मीच जिंकतो आणि रोज मीच हरतो, त्यामुळे झाडतोही मीच.

तू नऊ वर्षांचा आमच्याकडे आलास तेव्हा तुझी आई जाऊन महिना झाला होता आणि तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हतास. मी म्हटलं, “कुलपाला आधी हात लावशील तर दुकान तुझं.” तेव्हा सुटलास तो सुटलास. म्हणून त्या डॉक्टरच्या ‘बघू’चं मला सांगू नकोस. मीही तुझ्याकडे बघून तेव्हा ‘बघू’च म्हटलं होतं.

तू पडलास ती शिडी मी फोडून टाकली. तिचं नाव काढू नकोस.

तेल दिलं. अकरा तारखेला.

मामा


४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मी मजेत आहे. (हे मामीसाठी. पण खरंही आहे.)

बूट मिळाले. घातले तेव्हा ड्रायव्हरकाका म्हणाले, “एवढ्या चांगल्या बुटात पाय नसले तरी चालतील.” शिट्टीबाईंनीही वाकून पाहिले आणि विचारलं, “कुठून घेतलेस?” मी म्हटलं, “घरचे आहेत.”

प्रगती उत्तम आहे. काल मी दांड्यांच्या मधून तीस फेऱ्या मारल्या, हात न लावता. परवा अठ्ठावीस मारल्या होत्या, त्याही हात न लावता. जिना वीस वेळा. शिट्टीबाई म्हणतात, अशीच प्रगती राहिली तर एप्रिलमध्ये बाहेरच्या पट्टीवर पळायला नेतील. इमारतीमागे साठ पावलांची एक सिमेंटची पट्टी आहे. जो तिच्यावर पळून दाखवतो त्याला घरी सोडतात. न पळताही घरी जाता येतं, पण मग सुटीच्या कागदावर ‘चालतो’ असं लिहितात. पळणाऱ्याच्या कागदावर फक्त ‘बरा’ असं लिहितात. मला तो छोटा शब्द हवा आहे.

थोड्या तक्रारी आहेत, त्या काळजी करण्यासारख्या नाहीत. आरशात मी जरा उजवीकडे कललेला दिसतो. संध्याकाळी कंबर दुखते. शिट्टीबाईंना कारण सापडत नाही. त्या माझ्याभोवती फिरतात, खुब्याला बोट लावून बघतात आणि स्वतःशीच “असं कसं?” म्हणतात. शिवाय तळहातांना फोड आलेत, त्यांना मलम लावतो.

मामीला सांगा, जेवतो.

तुमचा,
भाचा


११ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

तुझ्या तीस फेऱ्या मी बेकरीवाल्याला सांगितल्या, त्याने इस्त्रीवाल्याला पन्नास सांगितल्या, आणि संध्याकाळी औषधवाला मला विचारत होता, “भाचा स्पर्धेत उतरला म्हणे?” मामीने गल्लीत सगळ्यांना चहा पाजला.

उजवीकडे कलतोस, हे मात्र मला पटत नाही. माझ्या बुटात माणूस कलत नाही. दुसरे काहीतरी घालून घे आणि ते बूट मला पाठव. लिहिलेलं मी नंतर वाचतो, आधी तळ बघतो. सगळ्या गिऱ्हाइकांचं तसंच करतो, तुला माहीत आहे.

फोडांना मलम लाव.

मामा


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. बूट वेगळ्या पुडक्यातून पाठवतोय. पण ते पोचायच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं. इथे मोठा घोटाळा झाला आणि तो आपला दोघांचा आहे.

सोमवारी शिट्टीबाईंनी मला बाकावर बसवलं आणि बूट काढायला सांगितले. मग मला अनवाणी उभं केलं. मी कमी कललो. पुन्हा बूट घातले, जास्त कललो. असं तीनदा केलं. मग त्यांनी दोन्ही बूट हातात घेऊन तोलले, जसे आपण घेतो तसे, आणि म्हणाल्या, “डावा जड का लागतोय?”

मला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “चामडं वेगवेगळं असतं.”

त्यांनी बाहेरच्या कडा पाहिल्या. सारख्या. टाचा टेबलावर शेजारी ठेवल्या. सारख्या. मग आत हात घालून बोटाने तळ दाबला, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “किती घातलंय?”

“चार सूत,” मी म्हटलं.

“कुणी?”

“मामांनी.”

“तुझे मामा डॉक्टर आहेत?”

“बूट शिवतात.”

“दिसतंच आहे. वाईट शिवणारा असता तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तीन आठवडे मी तुझ्या खुब्यात दोष शोधतेय आणि दोष सगळा कारागिरीत!” ड्रायव्हरकाका एवढे हसले, की त्यांना धरावं लागलं.

मग बाईंनी स्वतः माझे पाय मोजले. बेंबीपासून नाही, खुब्याच्या हाडापासून. मामा, दोन्ही पाय बरोबर सारखे आहेत. एक सूतसुद्धा फरक नाही. बाई म्हणाल्या, मी भीतीने डावी कंबर वर ओढून धरतो, झोपेतसुद्धा. म्हणून बेंबीपासून मोजलं की तो पाय आखूड भरतो. “पाय आखूड नाही रे, तू आखडलायस,” असं त्या म्हणाल्या. आणि त्या आखडण्यावर आपण चार सूत चामडं चढवलं.

मला रात्रभर वाईट वाटलं. तुमचा एक रविवार गेला. तरी फेऱ्या चालू आहेत. काल पस्तीस झाल्या, हात न लावता.

तुमचा,
भाचा


२७ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

बूट पोचले. पत्रही पोचलं. पहिल्यांदा मी सांगितल्याप्रमाणे तळ पाहिले.

चार सुतांचं आधी बोलून घेतो. आपल्या दुकानात पाय कसा मोजतात? गिऱ्हाईक उभं करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. पडलेल्या माणसाचं माप घ्यायचं नाही, हे मीच तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं. तू ते विसरलास आणि माप वाचताना मीही विसरलो. बाईंना माझा नमस्कार सांग. बोटाने तळ दाबून ओळखलं म्हणजे बाई आपल्या धंद्यातल्या आहेत.

आता दुसरं. उजव्या बुटाची टाच बाहेरून घासलीय, बरोबर आहे. डाव्या बुटाच्या टाचेवर मी शेवटी मेणाचा हात फिरवला होता, तो अजून चमकतोय. चवड्याला तर जमीन लागलेलीच नाही. तीन आठवडे रोज तीस-पस्तीस फेऱ्या मारणाऱ्याचा हा तळ नाही. हा पाय तीन आठवडे हवेत लोंबतोय. आणि हात न लावता चालणाऱ्याच्या तळहाताला फोड कशाने येतात रे? ते मी चार तारखेच्या पत्रातच वाचलं होतं. मामीला अजून सांगितलेलं नाही. ती चहाचं भांडं घासून पुन्हा पहिल्या जागी ठेवते आणि म्हणते, “पन्नास फेऱ्या झाल्या की परत काढू.”

रागावलेलो नाही. मलाही काही सांगायचंय, तेही वाच. शिडीची पायरी सैल होती. दोन महिने मला माहीत होतं. आज ठोकतो, उद्या ठोकतो करत राहिलो. तू माळ्यावरचे साचे काढायला चढलास तेव्हा मी खाली बसून एका बाईंच्या चपलेला पट्टा लावत होतो आणि मनात म्हणत होतो, हा पट्टा झाला की ठोकू. पट्टा झाला नाही. तेव्हापासून रोज सकाळी पळतो ते शर्यत म्हणून नाही. चालत गेलो तर वाटेत विचार करायला वेळ मिळतो.

बूट परत पाठवतोय. चार सूत काढलं. दोन्हींना कोरा तळ लावलाय. आता कागदावर काय लिहायचं ते लिही, पण तळावर खोटं लिहू नकोस. ते मला वाचता येतं.

मामा


१० मार्च

प्रिय मामा,

हे पत्र मी कच्चं लिहिलेलं नाही. एकदाच लिहितोय.

मी खोटं लिहिलं. फेऱ्या खऱ्या आहेत, पस्तीस, पण प्रत्येक फेरीत दोन्ही हातांनी दांडे धरलेले असायचे. नुसते धरलेले नाही, आवळलेले. मला दांडे सोडवत नव्हते. शिट्टीबाई म्हणायच्या, “एक हात सोड.” मी एक बोट सोडायचो. पत्रात हात न लावता असं लिहिलं की वाटायचं, उद्या तसं होईल, मग ते खोटं राहणार नाही.

आता पायरीचं. मामा, पायरी सैल होती हे मलाही माहीत होतं. चौथी. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं, ‘चौथी पायरी सैल, जपून.’ चढताना मी चौथी वगळून पाय टाकला. मी पडलो तो सातवीवरून. सातवी घट्ट होती. माझ्या एका हातात साचा होता आणि दुसऱ्या हाताने मी त्याच्यावरची धूळ पुसून आकडा वाचत होतो, कारण आकड्यांच्या क्रमाने ते खाली द्यायचे होते. क्रम मीच ठरवला होता. दोन्ही हात सोडले ते मी सोडले. तुमच्या पट्ट्याचा, पायरीचा काही संबंध नाही. हे मी आधी लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही इतके दिवस दुसरंच काही धरून बसला असाल असं मनातही आलं नाही. शिडी उगाच फोडलीत.

तर मी जन्मात एकदाच दोन्ही हात सोडले आणि मग दोन महिने पाठीवर होतो. म्हणून दांडे सुटत नव्हते. हे सगळं मी तुमचं पत्र हातात धरून शिट्टीबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या गळ्यातली फीत काढून घेतली.

तुम्हाला माहीत आहे, ती फीत मी आंघोळीपुरतीच काढतो. त्या दांड्यांच्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि फितीची गुंडाळी करायला लागल्या. उलटी. आकडे आत आणि पाठ बाहेर. मी म्हटलं, “बाई, तशी नाही गुंडाळत, आकडे पुसतात.” त्या म्हणाल्या, “अशीच बरी.” आणि आणखी घट्ट आवळली. वर मध्ये एक घडीही घातली! मी म्हटलं, “अहो, घडी नका घालू,” आणि ती घ्यायला गेलो.

फीत हातात आली. ड्रायव्हरकाका आपल्या दांड्याला टेकून उभे होते. ते म्हणाले, “पोरा, हँडब्रेक सुटलाय बघ तुझा.” मी खाली पाहिलं. दोन्ही हातांत फीत होती. दांडे मागे राहिले होते.

मग मी पडलो. पण नीट पडलो, बाईंनी शिकवलंय तसा, आणि फीत वर धरून.

सहा पावलं होती. नंतर फितीने मोजली. खरी सहा.

तुमचा,
भाचा


१७ मार्च

चि. फूटपट्टीस,

सहा पावलं मामीला वाचून दाखवली. आधीचं सगळंही सांगितलं. ती म्हणाली, “पस्तीसांपेक्षा हीच जास्त आहेत,” आणि चहाचं भांडं काढलं. गल्ली पुन्हा चहा प्यायली. या वेळी बेकरीवाल्याने आकडा वाढवला नाही.

सातव्या पायरीचं वाचून हसलो. तुला वाटलं होतं तसाच. मग दुकानाच्या मागे जाऊन थोडा वेळ बसलो. आल्यावर नवी शिडी करायला टाकली. लोखंडी.

खरं बोलण्याची वेळ आहे तर एक उरलंसुरलं तुझंही काढतो. गेली चार वर्षं शर्यत मी जिंकतोय. त्याआधी तू जिंकायचास. गल्लीला वाटतं, म्हाताऱ्याला नवी पालवी फुटली. पण तुझे जुने बूट दर सहा महिन्यांनी तळ बदलायला माझ्याच हातात येतात. पळणाऱ्याचा चवडा झिजतो. तुझी टाच झिजायची, मागची कड, तिरकी. पळता पळता आवरून धरणाऱ्याचीच ती तशी झिजते. बेकरीच्या वळणावर तू ब्रेक लावतोस, मला पुढे जाऊ देतोस. मला एकदा वळणावर धाप लागली होती, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

मी बोललो नाही, कारण जिंकायला बरं वाटतं. पण आता सांगतो. तो डॉक्टर ‘बघू’ म्हणाला ते तुझ्या पायाबद्दल. आवरून धरायची खोड तुला पडण्याच्या आधीपासूनची आहे, आणि ती माझ्यामुळे लागली. पट्टीवर जाशील तेव्हा कुणासाठी ब्रेक लावायचा नाही.

मामा


२४ एप्रिल

प्रिय मामा,

नमस्कार. या वेळी काही लिहीत नाही. डावा बूट पाठवतोय.

मधल्या दिवसांचं एवढंच सांगतो, की ड्रायव्हरकाका गेल्या आठवड्यात गाडी गॅरेजमधून काढून घरी गेले. जाताना त्यांनी शिट्टीबाईंची शिट्टी मागून घेतली आणि हॉलच्या दारात उभं राहून एकदा जोरात वाजवली. सगळे दचकून सरळ उभे राहिले.

बूट नीट बघा. उजव्या हाताच्या उजेडात बघा, दुकानात तिकडूनच चांगला उजेड येतो.

उलट टपाली परत पाठवा, इथे एका बुटावर आहे.

तुमचा,
भाचा


३० एप्रिल

चि. फूटपट्टीस,

मामीने पुडकं उघडलं. तिला एकच बूट दिसला आणि तिने किंकाळी फोडली. पुढच्या वेळी दोन पाठवत जा.

बूट मी दारात नेला. इस्त्रीवाला आला, बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला. मी त्यांना वाचून दाखवला. ही टाच, मागची कड शाबूत, म्हणजे आवरून धरलेलं नाही. हा मधला भाग, सारखा घासलेला, म्हणजे वजन बरोबर पडतंय. आणि हा चवडा. हा चवडा घासून घासून शिवणीपर्यंत आलाय. अंगठ्याखाली चामडं कागदाएवढं उरलंय. साठ पावलांच्या पट्टीवर एकदा पळून एवढं झिजत नाही. बाईंनी एकदा पळायला सांगितलं असेल आणि तू किती वेळा पळालास?

बेकरीवाला म्हणाला, “हे सगळं बुटावर लिहिलंय?” म्हटलं, “याहून जास्त लिहिलंय, पण ते घरातलं आहे.”

तळ बदलून परत पाठवतोय. जुना तळ फेकलेला नाही. कुठे ठेवलाय ते विचारू नकोस.

कागदावर ‘बरा’ लिहून घे आणि ये. झाडू नवा आणलाय. कुणासाठी ते तू आल्यावरच्या सोमवारी सकाळी ठरेल.

मामा


१२ मे, सोमवार
(ही चिठ्ठी तुमच्या उजव्या बुटात आहे. घालायच्या आधी काढा.)

मामा,

आज कुलपाला मी आधी हात लावला. तुम्ही झाडलंत, डबाही भरलात, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला “पोराने हरवलं हो” असं सांगत होतात. मामीने तिसऱ्यांदा चहा केला. सगळं छान झालं.

पण काल संध्याकाळी तुम्ही जेवायला बसला होतात तेव्हा मी तुमच्या बुटांच्या तळांना खडू फासून ठेवला होता. चवड्याला आणि टाचेला, सारखा. सकाळी दुकानात पोचून तुम्ही बूट काढलेत तेव्हाच पाहिला. चवड्यावरचा खडू बराचसा तसाच होता. टाचेच्या मागच्या कडेवरचा पार गेला होता, तिरका.

बेकरीच्या वळणावर तुम्ही काय केलंत ते मला कळलं.

आजची शर्यत धरायची नाही. उद्या परत. खरं पळा.

भाचा